तीन गुणांचं अपील

"फ्रेयाचा हॅमस्टर परीक्षेच्या आदल्या दिवशी मेला असं लिहिलंयस तू?" कीथने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "अगं, तो नाताळात मेला! मीच पुरला त्याला मागच्या वाफ्यात. जमीन गोठलेली, फावडं चालेना."

"सप्टेंबरात, परीक्षेच्या वेळी, आजारीच होता तो," लोरेन म्हणाली.

"आजारी नव्हता. दिवसा झोपतातच ते," जिन्यावरून फ्रेया म्हणाली.

"फ्रेया, तू वर जा."

"मी वरच आहे, मम्मी."

रविवारचं मटण आणि भाजलेले बटाटे टेबलाच्या एका कडेला गार होत होते. मधली जागा फाइलने अडवली होती. निळी खूण शाळेच्या अहवालांना, पिवळी डॉक्टरांच्या चिठ्ठीला, लाल खूण हॅमस्टरला. ग्रामर शाळेच्या, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या, प्रवेश परीक्षेत फ्रेयाला तीन गुण कमी पडले होते आणि लोरेन हॉग्बेन अपील करत होती.

"मार्श रोडच्या साध्या शाळेला काय धाड भरलीय?" कीथने विचारलं. "मी तिथेच शिकलो."

"तेच म्हणतेय मी."

कीथने बटाटा तोंडात टाकला. तो घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. जानेवारीच्या थंडीत बॉयलर बंद पडला की ग्रामर शाळेत शिकलेले वकीलसुद्धा अंगावर पांघरूण घेऊन दारात त्याची वाट बघत उभे राहायचे. पण लोरेनला ते सांगून उपयोग नव्हता. ती स्वतः अकराव्या वर्षी याच परीक्षेत नापास झाली होती. किती गुणांनी, ते तिच्या आईने कधी सांगितलं नाही, आणि अपील करायचं तर घरात कुणाला सुचलंही नाही. शाळा सुटल्यापासून तीस वर्षं ती दातांच्या दवाखान्यात लोकांना "बसा, डॉक्टर येतीलच" म्हणत होती. फ्रेया जन्मली त्याच आठवड्यात तिने ग्रामर शाळेचं माहितीपत्रक मागवलं होतं.

"आणि हे काय? 'एका तासाचीही शिकवणी न लावता'? मग मंगळवारचं काय?"

"मंगळवारी आम्ही पोहायला जातो."

"दोन वर्षांत पोरीचे केस एकदा ओले दिसले नाहीत मला."

"कीथ, डोकं चालव जरा. शिकवणी लावून तीन गुण कमी, म्हणजे पोर ढ. न लावता तीन कमी, म्हणजे हिरा!"

स्टॅनहर्स्ट गावात शिकवणी कुणीच लावत नसे. शाळेच्या फाटकाशी सगळ्या आया एकमेकींना हेच सांगत, आणि लोरेनचा आवाज त्यांत सगळ्यांत मोठा असे. "आम्ही बाई मुलीला मुलीसारखं वाढू देतो." मग मंगळवारी ती फ्रेयाला घेऊन नऊ मैलांवर मिस्टर पिल्चर या निवृत्त मास्तरांच्या घरी जायची आणि गाडी मागच्या गल्लीत, मासे तळणाऱ्याच्या दुकानापाशी लावायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. मास्तरांच्या बोळात पाच खुर्च्या होत्या. पाचही भरलेल्या असत, आणि पाचही जणी जुन्या मासिकांत डोकं घालून बसत. तिथे कुणी कुणाला ओळखायचं नाही, बाहेर भेटलं तरी नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. एकदा सुपरमार्केटात मास्तर स्वतःच लोणच्यांपाशी भेटले, तर लोरेनने त्यांना 'काकडीचं कुठलं चांगलं?' असं विचारून वाटेला लावलं होतं.

सुनावणी मे महिन्यात एका हॉटेलच्या खोलीत होती. टेबलामागे तीन पंच, बाजूला कारकून. "इथे कुणाची कुणाशी ओळख आहे का?" कारकुनाने रीतीप्रमाणे विचारलं.

"नाही," लोरेन म्हणाली.

"नाही," मधल्या पंचबाई म्हणाल्या.

दोघींचं उत्तर एकाच वेळी आलं, सवयीने आल्यासारखं. मग लोरेनने नीट पाहिलं. पिकलेले केस, गळ्यात हिरव्या मण्यांची माळ. मंगळवार, मास्तरांच्या बोळातली दाराजवळची खुर्ची. नातवाला आणायच्या आणि तासभर शब्दकोडं सोडवायच्या.

लोरेनने नजर घाईने फाइलवर वळवली. पण भाषण तोंडपाठ होतं, ते आपलं आपण चालू झालं. हॅमस्टर झाला. डॉक्टरांची चिठ्ठी झाली. मग जीभ त्या वाक्यापाशी आली आणि घसरलीच. "एका तासाचीही शिकवणी न लावता."

पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अजिबात नाही? कुठल्याच प्रकारची?"

कीथ बुटांकडे बघत होता.

"अजिबात नाही," लोरेन म्हणाली.

पंचबाईंच्या मानेवर लाली चढली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्या बराच वेळ लिहीतच राहिल्या.

आठवड्याने पत्र आलं. अपील नामंजूर. पालकांच्या निवेदनावर समितीला पुरेसा विश्वास वाटला नाही, असं त्यात सभ्य भाषेत म्हटलं होतं.

"ती मण्यांच्या माळेवाली!" लोरेन स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. "स्वतः नातवाला घेऊन बसायची आणि मलाच खोटं ठरवते?"

"थांब, थांब. ती तुला ओळखत होती?"

"दोन वर्षं समोर बसलेय मी तिच्या!"

कीथने चहाचा कप खाली ठेवला. "मग जिंकलीस की तू! ओळख लपवून पंच बसली होती. तक्रार कर. सुनावणी नव्याने घ्यावी लागेल. फ्रेयाला अजून संधी आहे."

लोरेन लगेच कागद घेऊन बसली. तारीख घातली, नाव घातलं. 'सदर पंचबाईंना मी ओळखते, कारण' इथपर्यंत पेन झरझर आलं आणि थांबलं. कारणापुढे मिस्टर पिल्चरांचा बोळ होता. त्यापुढे सही करून दिलेलं निवेदन होतं, आणि त्यापुढे फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या आया.

"लिही ना," कीथ म्हणाला. "काय झालं?"

"गप्प बस जरा."

फ्रेया दारात येऊन उभी राहिली होती. "मम्मी, मार्श रोडला बोटी बांधायला शिकवतात. खऱ्या."

लोरेनने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि चहाच्या चोथ्याच्या डब्यात टाकून झाकण दाबलं.

"ऐका दोघं," ती म्हणाली. "तक्रार नाही करायची. फ्रेया सप्टेंबरपासून मार्श रोडला जाणार. आपण अपील कधी केलंच नव्हतं, आणि आपल्याला पहिल्यापासून तीच शाळा हवी होती."