हातमोजे

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे मामा फार कमी बोलत. स्क्रू मागायला गेलं तरी आधी समोरच्याचे तळहात बघत, मग सामान देत.

पत्रा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना हातमोजे फक्त तपासणीच्या दिवशी मिळायचे. तपासणीवाले गेले की मामांनी ते परत जमा करायचे, असा मॅनेजरचा हुकूम होता.

एकदा तपासणीवाले गेले तरी मामा जागचे हललेच नाहीत. मॅनेजर ओरडले, "मामा, हातमोजे गोळा करा!"

"न्हाई करनार, साहेब. पत्रा उद्याबी हात कापनारच हाय."

मी हजेरी कारकून, शेजारीच उभा होतो. मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मामांकडून स्टोअर काढून घेतलं आणि त्यांना गेटवर पहाऱ्याला उभं केलं. हातमोजे परत मागायला मात्र कुणी आलं नाही. मामा मला रोज रामराम घालायचे. त्यांच्या नजरेला नजर द्यायचा धीर मला कधीच झाला नाही.