साहेबांनी चष्मा पुसला तेव्हा

तारीख: तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार, दुपारचे चार. स्थळ: सांगली, आमच्या घराची बाहेरची खोली. हजर: नाना, म्हणजे माझे वडील, मी, आमचे हे, साताऱ्याहून आलेले दादा आणि वहिनी. एकूण पाच. गैरहजर: आई. तिची गैरहजेरी आता सात वर्षांची झाली, तरी मी ती दर वेळी लिहिते.

हजेरीची सवय तिचीच. आमचं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. नाना धरणाच्या कामावर होते. जमीन हलली की काय करायचं हे तिथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी यायचं. छताला टांगलेला दिवा बघायचा. तो हलत असेल तर हातातलं टाकून थेट समोरच्या मैदानात. आई मैदानात उभी राहून आमची डोकी मोजायची. मोजून झाल्याशिवाय ती कुणाला जवळ घ्यायची नाही की कुणावर रागवायची नाही. आधी आकडा, मग बाकीचं. मी शाळेत शिकवते, शाळेचं वेळापत्रकही मीच करते, आणि माझं सगळं काम अजून त्याच क्रमानं चालतं.

त्या वसाहतीत आम्ही आठवड्यातून एकदा एक गुप्तहेराची मालिका बघायचो. पोलिसातून निवृत्त झालेले एक साहेब, दर आठवड्याला एक खून, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा. नानांनी त्याचा खेळ केला होता. तासगावच्या बेदाण्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. साहेब ‘सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा’ म्हणाले की लगेच प्रत्येकानं गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून, चार घड्या घालून डब्यात टाकायचं. डबा शेवट झाल्यावरच उघडायचा. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला की बोलायचं नाही, उठायचं नाही. ते चष्मा पुसायचे म्हणजे त्यांना उत्तर सापडलेलं असायचं.

मी दहा वर्षांची होते. मी वहीत नियम लिहायला घेतले. पहिल्यांदा ज्याला पकडतात तो कधीच नसतो. घरातला नोकर नसतो, पण त्यानं काहीतरी पाहिलेलं असतं. कॅमेरा एखाद्या वस्तूवर उगाच थांबला, घड्याळ म्हणा, ओली छत्री म्हणा, तर ती वस्तू शेवटी परत येते. गुन्हेगार पकडला गेला की पळत नाही, खाली बसतो आणि सगळी कारणं नीट सांगतो. मला ती मालिका आवडायची ती खुनांसाठी नाही. ती सरळ वागायची म्हणून. जे साहेबांना दिसलं ते आपल्यालाही दाखवलेलं असायचं. आपल्याला कळलं नाही तर चूक आपली. लपवाछपवी नाही.

एकच भाग आमचा अर्धा राहिला. डोंगरावरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंचा खून. संशयित चार: पुतण्या, बहीण, माळी आणि रोज तपासायला येणारे डॉक्टर. साहेबांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला, आणि आमचा दिवा हलला. सगळे बाहेर. मैदानात आईनं मोजलं, चारही जण होतो. वीज गेली ती सकाळीच आली. मी रडत होते, आणि भूकंपासाठी नव्हते. तेव्हा नाना माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “रडू नगं. मी सगळ्यात शेवटी भाईर पडलो. मी बघितलं. डॉक्टर.” मग औषधाच्या बाटलीचं झाकण, डाव्या हाताची खूण, सगळं समजावून सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: डॉक्टर. आणि त्याखाली सातवा नियम: जो रोज मदतीला येतो त्याच्यावरही लक्ष ठेवावं.

ती वही माझ्याकडे आहे. डबाही आहे.

आई गेल्यावर वर्षभरात नाना माझ्याकडे आले. दादाच्या घरी जिने होते, माझं घर तळमजल्यावर, ठरवणं सोपं होतं. त्यांच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब, कृष्णेच्या घाटापर्यंतचं फिरणं, दुपारचं ताक, झोप, सगळ्याचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं आणि दर महिन्याला नवीन काढलं. सहा वर्षांत एक गोळी चुकली नाही. गणपतीत दादा म्हणाला, “आता आमचा फ्लॅट लिफ्टचा आहे. नाना थोडे दिवस साताऱ्याला राहू देत.” मी म्हटलं, ते इथेच राहतील, डॉक्टर इथले, फाइल इथली. नाना ताक पीत होते. मी डायरीत ‘नाना: विषय संपला’ असं लिहून त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतर ह्यांनी मोबाइलवर त्या मालिकेचे जुने भाग शोधून काढले आणि टीव्हीला जोडून दिले. दर रविवारी एक भाग, चिठ्ठ्या, डबा, सगळं पुन्हा सुरू झालं. त्या रविवारी नेमका बंगल्याचा भाग होता. दादा-वहिनी त्यासाठीच आले असं मी समजले. वहिनीनं येताना कंदी पेढे आणले होते.

“मी चिठ्ठी टाकत नाही,” मी म्हटलं. “मला उत्तर माहीत आहे.”

“लिही की,” नाना म्हणाले. “माहीत असलेलं लिहायला काय लागतंय.”

“वन्सं, आम्हाला निदान हरू तरी द्या रीतसर,” वहिनी म्हणाली.

मी लिहिलं. पाच चिठ्ठ्या डब्यात पडल्या. ह्यांनी न सांगता चहा केला, ते मला बरं वाटलं. साहेबांनी चष्मा काढला. आमच्या सांगलीच्या खोलीत कुणीच हललं नाही, पण मी एकदा पंख्याकडे बघून घेतलं. साहेब पुतण्यासमोर जाऊन उभे राहिले. पुतण्या खाली बसला आणि त्यानं सगळी कारणं सांगितली. डॉक्टर मागे कोपऱ्यात उभे होते. शेवटपर्यंत त्यांनी एका वाक्यापलीकडे काही केलं नाही.

मी म्हटलं, “हा दुसरा भाग असेल.”

“त्योच हाय,” नाना म्हणाले.

“पण तुम्ही तर बघितलं होतं. बाटलीचं झाकण? डावा हात?”

“मी कुठं बघितलं! मी तर तुझ्या आईच्या आधी पळालो व्हतो. तिनं मोजलं तवा पहिलं डोकं माझंच.”

वहिनीला हसू आवरेना. दादाही हसत होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो म्हणाला, “मला माहीत होतं गं. मी नानांच्या मागेच पळत होतो.”

“तेव्हापासून माहीत होतं?”

“तू सात नियम करून बसली होतीस. कोण सांगणार तुला?”

मी वही उघडून बसले होते, हातात पेन होतं, आणि काय खोडायचं ते कळत नव्हतं. तेवढ्यात नाना म्हणाले, “आता खरं बोलायलाच बसलोय तर ह्ये बी सांगतो. मी आज दादाबरोबर जातोय. ऱ्हायला.”

मी आधी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपबशा गोळा करत होते. एकेक कप एकात एक घालत होते, जे ते कधीच करत नाहीत, कारण कप अडकतात.

मग सगळ्या वस्तू परत आल्या. नानांनी केस कापले होते गुरुवारी. ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी कापतात. ह्यांनी गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या आणल्या होत्या, म्हणाले दुकान लांब पडतं. नानांचा स्वेटर वाळत होता, आणि सांगलीत अजून थंडी नव्हती. ते तर मी स्वतः डायरीत टिपलं होतं: ‘स्वेटर उन्हात घातलेला (कुणी?)’. दादाच्या गाडीची मागची सीट रिकामी होती; वहिनी कधी रिकाम्या गाडीनं येत नाही. मला सगळं दाखवलेलं होतं. साहेबांना दिसलं असतं.

“कधी ठरलं?” मी विचारलं.

हे म्हणाले, “दसऱ्याच्या सुमारास.”

“तुम्हाला दसऱ्यापासून माहीत आहे?”

“अगं, नानांनीच मला सांगितलं होतं, तुला सांगू नको म्हणून.”

“आणि तुम्ही रोज माझ्याबरोबर जेवत होता.”

हे अडकलेले कप सोडवायला लागले. जो रोज मदतीला येतो. नियम खोट्या उत्तरावरून काढलेला होता आणि माझ्याच घरात खरा ठरला.

मी नानांना विचारलं, माझ्याकडे काय कमी पडलं? मी हे भांडणाच्या सुरात विचारलं नाही. मला खरंच यादी हवी होती. मालिकेत गुन्हेगार कारणं सांगतो, एकामागून एक, आणि ऐकणाऱ्याला निदान ती तरी मिळतात.

“काय बी कमी न्हाई,” नाना म्हणाले. “तूच बघ त्या फ्रिजकडं. सकाळी सहापासून रात्री नवापर्यंत मी तिथं लिवलेला हाय. मला येक दुपार न लिवलेली पाहिजे. साताऱ्यात माझ्याबरोबरचे दोघं हायत धरणावरचे. कट्ट्यावर बसतात. कवा येतात, कवा जातात, कुणाला ठावं न्हाई.”

“हे मला सांगितलं असतं तर मी वेळापत्रकात दोन तास मोकळे ठेवले असते.”

दादा हसायला लागला आणि मध्येच थांबला. नाना माझ्याकडे बघत होते. माझं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, असं मला अजून वाटतं.

“आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू न जाण्याची कारणं लिवली असतीस,” ते म्हणाले. “वीस तरी. आन् सगळी बरोबर असती. मला काय बोलता आलं असतं गं?”

बॅग दिवाणाखाली होती. मी दर शनिवारी दिवाणाखालून केर काढते. आदल्या दिवशी, शनिवारी, हे म्हणाले होते, राहू दे, मी काढतो. स्वेटर वर होता. मी गोळ्यांची फाइल दादाच्या हातात दिली, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते दोनदा सांगितलं, वहिनीला लिहून दिलं. डोळ्यांच्या थेंबांची बाटली फ्रिजमध्ये राहिली होती, ती कागदात गुंडाळून दिली. एवढं सगळं मी केलं. नाना पाया पडून घ्यायला थांबले होते, पण मी वाकले नाही. मला वाटलं, आधी मोजून होऊ दे. गाडीत दादा, वहिनी, नाना. दारात हे आणि मी. पाच होते, बरोबर होते, आणि तोपर्यंत गाडी वळणावरून गेली.

हे आठवडाभर माझ्याशी जपून बोलत आहेत. भांडी न सांगता घासतात. मी त्यांना सांगितलं, घासू नका, त्यानं काही फरक पडत नाही. रोज संध्याकाळी नानांचा फोन येतो. कधी साडेसहाला, कधी आठला. काल आलाच नाही, मग वहिनीनं सांगितलं, कट्ट्यावरून उशिरा आले, खुशीत आहेत. हे सगळ्यांत जास्त लागलं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

कामं बरीच उरकली. फ्रिजवरचा कागद काढला. दिवाणाखालून केर काढला. पुढच्या महिन्याच्या तपासणीची वेळ रद्द केली. वहीत ‘डॉक्टर’ खोडून ‘पुतण्या’ लिहिलं. सातवा नियम तसाच ठेवला.

डबा टीव्हीच्या शेजारी आहे. त्या दिवशी तो उघडायचा राहून गेला. त्यात पाच चिठ्ठ्या आहेत. माझ्या चिठ्ठीवर ‘डॉक्टर’ आहे, ते मला माहीत आहे. दादाची, वहिनीची, ह्यांची कुणाचीही काहीही असो. नानांच्या चिठ्ठीवर ‘डॉक्टर’ असेल, तर मैदानात मला सांगितलेल्या गोष्टीला ते साहेबांनी चष्मा पुसेपर्यंत धरून होते. दुसरं नाव असेल, तर चिठ्ठी लिहितानाच त्यांनी ती गोष्ट सोडलेली होती, आणि माझ्या शेजारी बसून मला ‘लिही की’ म्हणाले होते.

राहिलेली कामं, ह्या रविवारपर्यंत: एक. डबा उघडणे.