परतीची तार

माझी ताई चांदवडजवळ राहते. विहिरीवरची मोटर दोनदा जळली आणि तिसरी बसवली तेव्हा कांद्याचं रोप जेमतेम बोटभर होतं. हीही जळली तर रोप गेलंच, म्हणून तिने मला नाशिकहून बोलावून घेतलं. मी व्होल्ट-अँपिअर मोजायचा, मित्राकडून मागून आणलेला मीटर घेऊन गेलो.

दाजींचे चुलते आधीच ओट्यावर बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला ओहमचा नियम व्याख्येसह, स्वल्पविरामासह म्हणून दाखवला आणि शेवटी निर्णय दिला, "मोटर लहान पडते. मोठी बसवा."

व्याख्या मलाही पाठ होती. तिच्यात आकडे घालायची वेळ मात्र शाळा सुटल्यापासून आली नव्हती.

रस्त्याकडेच्या पेटीत दोनशे तीस व्होल्ट होते, विहिरीवर चालू मोटरला एकशे ऐंशी. म्हणजे पन्नास वाटेत गायब, आणि कमी व्होल्टवर मोटर तापून जळते. मोटर सात अँपिअर ओढत होती. पेटी ते विहीर तीनशे मीटर, वायर दीड एमएमची; वायरच्या तक्त्याप्रमाणे रोध शंभर मीटरला एक पूर्णांक दोन ओहम. एकूण तीन पूर्णांक सहा. गुणिले सात, पंचवीस.

"उरलेले पंचवीस?" दाजींनी विचारलं.

"मीटर लय जुना दिसतोय," चुलते म्हणाले.

मी तिसऱ्यांदा गुणाकार केला. ताई शेणाची पाटी धुता धुता म्हणाली, "भाऊ, करंट विहिरीवर मुक्कामाला राहतो का रे? जायला एक तार, यायला दुसरी नाय का?"

होती की. मी निम्मीच वायर मोजली होती. सहाशे मीटर, सात पूर्णांक दोन ओहम, गुणिले सात : पन्नास. मोठी मोटर दहा अँपिअर ओढणार, म्हणजे वाटेतच बहात्तर व्होल्ट खर्च.

मोटर तीच ठेवली, वायर जाड, चार एमएमची ओढली. हिशोबाने आता वाटेत वीसच जायला हवे होते. विहिरीवर मीटरने दोनशे दहा दाखवले, तेव्हा मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता. चुलत्यांनी माझा कागद मागून घेतला आणि चष्मा लावून गुणाकार तपासायला बसले. बहुधा त्यांचीही पहिलीच वेळ.

ताई मीटर बघायला आली नाही. ती शेवटच्या वाफ्याशी उभी होती.

"पोचलं का?" दाजी ओरडले.

"पोचलं. आता हळू सोडा, रोप वाहून जाईल!"