आत्याबाईंचा सैल हात, माझा घट्ट

मागच्या आठवड्यात शाळेतून घरी आले तर आमच्या आत्याबाई हॉलमध्ये पंख्याखाली बसून स्वेटर उसवत होत्या. पाठ पूर्ण झालेली, पुढची एक बाजू झालेली... आणि त्या शांतपणे धागा ओढून गुंडा करत होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला असंच म्हणतात. नांदेडच्या उन्हात अंगावर कॉटनसुद्धा नको होतं, पण यांच्या हातात बारा महिने लोकर. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की त्यांचे पेढे आमच्याकडे यायच्या आत यांचं टोपडं तिकडे पोचलेलं असतं.

हा स्वेटर लातूरला जायचा होता. तिथे माझी नणंद, सुनीताताई, राहते. तिच्या मुलीला मुलगा झाला, म्हणजे आत्याबाईंचा पहिला पणतू... आणि बारसं त्याच रविवारी. म्हणून ते उसवणं बघून मी घाबरलेच.

घाबरायला आणखी एक कारण होतं. शुगरमुळे आत्याबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. विणताना टाका सुटतो, त्यांना दिसत नाही, आणि मग तो खाली पळत जातो. संध्याकाळी त्या भजनाला गेल्या की मी गुपचूप चुकलेल्या ओळी उसवायचे, नव्याने विणायचे आणि सुया होत्या तशा पिशवीत ठेवून द्यायचे. घरात कुणालाच बोलले नव्हते.

नवरा तर ती पाठ हातात घेऊन म्हणाला होता, "आई, अजून काय हात आहे गं तुझा!" मी मनात म्हटलं, घ्या... राबतंय कोण आणि कौतुक कुणाचं! चिडलेच होते थोडी, खोटं कशाला बोलू.

तर, पर्स ठेवली आणि विचारलं, "आत्याबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

त्या वर न बघताच म्हणाल्या, "तुझं तुला परत देऊन राहिले."

त्यांनी उरलेला तुकडा मांडीवर पसरला आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. "हितं मऊ हाय, हे माझं. आता हितं बघ... कडक लागलं का न्हाई? हा तुझा हात. तू लई ताणून विणतीस, पहिल्यापासून."

विणणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा सैल, कुणाचा घट्ट. लोकर तीच, सुया त्याच, तरी एकीचं काम दुसरीने पुढे नेलं की त्या जागी फरक पडतोच. हे मला आत्याबाईंनीच शिकवलेलं, आणि मी शहाणी त्यांच्यासमोरच ही हुशारी करायला गेले!

"मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"म्हणलं आज सांगंल, उद्या सांगंल. तू काय सांगंना. दिसत न्हाई हे डाक्टरनं सांगितलंय की मला. चुकलं तर चुकलं म्हणायचं. वाघ हाय का मी?"

मग आवाज जरा खाली आला. "पणतवाला पहिली वस्तू द्यायची, अन् ती तुझी असून माझी म्हणून द्यायची व्हय? माझ्याच्यानं न्हाई होत."

मला रडू आलं. रागही आला... केवढी मेहनत त्या गुंड्यात गेली होती!

मग चहा झाला आणि तिथेच वाटणी ठरली. पाठ आणि पुढच्या बाजू त्या विणणार, जाड सुयांवर, साधी वीण, बोटांनी चाचपत. बाह्या आणि गळा माझा. टाका सुटला की मी फक्त सांगायचं. मी "आत्याबाई, सुटला" म्हटलं की त्या स्वतःलाच शिव्या घालत शोधायच्या. काही सापडले. पाठीवरचा एक काही केल्या हाती लागेना, तो त्यांनी मागून गाठ मारून थांबवला आणि म्हणाल्या, राहू दे. भोक राहिलं.

रविवारी लातूरला बारसं दणक्यात झालं. घुगऱ्या वाटल्या, बाळाचं नाव ठेवलं, आणि स्वेटर बायकांमध्ये या हातातून त्या हातात फिरायला लागला. तेवढ्यात शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, इथं टाका सुटलाय की!"

सुनीताताईचा चेहरा पडला. मी सवयीने तोंड उघडलं, "ते माझ्याकडूनच..." एवढंच बोलले असेन. आत्याबाईंनी माझा हात दाबला.

"आण हिकडं." त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला आणि बोट फिरवत भोकापाशी आणलं. "हे माझं. पाठ बी माझी. मला आता दिसत न्हाई." एवढ्या बायकांसमोर हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

मग त्यांचं बोट बाहीवर आलं. "अन् ह्या बाह्या आमच्या वंदनाच्या. गळा बी तिचाच. लई सफाई हाय तिच्या हाताला, बघा."

सगळ्या बाया बाह्या बघायला लागल्या, आणि मी उगाच पाळण्याची दोरी सारखी करत राहिले. इतक्या वर्षांत या घरात माझ्या हातून पुष्कळ काही झालं... पण हे हिचं आहे, असं चारचौघांत माझं नाव घेऊन कुणी सांगितलं नव्हतं. फार बरं वाटलं, आत्याबाई.