जाड पट्टीचे तीन मॉनिटर

ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात धूळ कधी साचते ते कुणालाच कळत नाही. कॅबिनेट उघडलं की आत गोधडी पांघरलेली. किस्स्यांचंही तसंच आहे. वर्ध्याहून सावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं गेम अडकतो म्हणून, आणि जाताना काहीतरी सांगून जातं. ते मला घरी नेववत नाही आणि दुकानातही ठेववत नाही.

आधीच सांगते, मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं स्क्रूड्रायव्हरनं शिकले, आणि कुणापेक्षा कमी शिकले नाही. भूत, भानामती, उतारा मी मानत नाही. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते, आणि त्यानं जे घराबाहेर काढलं ते मी दुकानाच्या पायरीवरही चढू दिलेलं नाही. शेजारच्या कापडदुकानाचे मनोहरशेठ मात्र अधूनमधून टोकतात.

"बाई, एकदा सत्यनारायण घाला दुकानात."

"मी अर्थिंग घातलंय, शेठ. तेवढं पुरतं."

* * *

मेडिकल कॉलेजची एक पोरगी आली. दोन मॉनिटर लावून गाड्यांचा गेम खेळायची.

"आजी, डावा स्क्रीन आधी वळतो."

"उजव्याच्या आधी?"

"नाही. माझ्या आधी."

मी हसले. तिचा एक मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा आणि दुसरा एकशे चव्वेचाळीस. बारका गोऱ्हा आणि थोराड बैल एका जुवाला बांधले तर गाडी गचके खाणारच. त्यात कार्ड जुनं. तिला म्हटलं, कार्ड बदल आणि दोन्ही मॉनिटर एका वेगाचे घे. तिनं घेतले. मी स्वतः जोडून दिले. गेम असा चालला की पाहत राहावं.

काही दिवसांनी ती सहज चहाला आली.

"आता ठीक आहे ना?"

"हो आजी. आता दोन्ही आधी वळतात."

तिची तक्रार नव्हती. चहा पिऊन गेली.

* * *

शालिकभाऊ आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. आयुष्यभर खासगी ट्रॅव्हल्सची बस चालवलेला माणूस. आता घरी बसलेला.

"तीन मॉनिटर वढन असं कार्ड द्या, बाई. बस चालवाचा गेम खेळाचा हाय. पन अटकाले नाई पाह्यजे."

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. मॉनिटर कोणते, पॉवर सप्लाय केवढा, कॅबिनेट उन्हात ठेवता का सावलीत. मॉनिटर त्यांच्याकडे नव्हतेच. मी नवे काढून दाखवले, कडेची काळी पट्टी दोऱ्याएवढी. तीन लावले तर एकच वाटावेत, लोकांना तेच हवं असतं. शालिकभाऊंनी पट्टीवर अंगठा फिरवला.

"याच्यापेक्षा जाड नाई का?"

"जाड? काऊन? लोक बारीक मागतात."

"मले मधात खांब पाह्यजे."

मग त्यांनी सांगितलं. बसची समोरची काच आणि ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी यांच्या मधे एक खांब असतो. जाम गावच्या चौकात भरदुपारी उजवीकडे वळताना त्या खांबाच्या आडून एक माणूस चाकाखाली आला. जागीच गेला. चौकशी झाली. माणूस पळत आला, ड्रायव्हरची चूक नाही, असं ठरलं. लायसनही राहिलं.

"पन तो पळत नोयता, बाई. चालत होता. नीट पाह्यलं असतं तर मले दिसला असता का, एवढंच पाहाचं हाय."

"आन् दिसला असता, असं निघालं तर?"

"तर दिसला असता."

एवढंच. दुसऱ्या कुणाला मी गप्प केलं असतं. त्यांना नाही करता आलं. माळ्यावरून जुने, बोटभर जाड पट्टीचे तीन मॉनिटर काढले आणि पुसायला घेतले.

* * *

गेम वगैरे बसवेपर्यंत शालिकभाऊ रोज दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. तेव्हाच सेलूचा एक कृषी केंद्रवाला आला. त्यानं फोनवर पाहून कुणाचं तरी वापरलेलं कार्ड स्वस्तात घेतलं होतं. मशीन चालू केलं की गेम सुरू व्हायच्या आधी एका स्क्रीनवर तुटकंतुटकं चित्र यायचं. खोलीचा कोपरा, टेबल, खिडकी, हिरवा पडदा.

मी त्याला समजावलं. कार्डाची मेमरी वीज असेपर्यंतच. वायर काढली की पाटी कोरी. आधीच्या मालकाचं काही राहत नाही.

"मंग हे कोनाचं घर होय, मावशी?"

"कोनाचंच नाई. रंगाचे तुकडे हायेत. घर आपला डोळा बनवते."

नवं कार्ड टाकून दिलं. जुनं भंगाराच्या डब्यात टाकायला निघाले, तर त्यानं हातातून घेतलं आणि रुमालात गुंडाळलं.

"बिघडलेलं हाय ते. काय करतं नेऊन?"

"काल खिडकी लागलेली होती, मावशी. आज उघडी दिसली. उद्या पाहातो."

"कोनी डोकावलं तं सांगजो," शालिकभाऊ स्टुलावरून म्हणाले. ते हसत नव्हते.

* * *

मनोहरशेठांचा एक किस्सा सांगायलाच हवा. हल्लीची चांगली कार्डं काम नसलं की पंखे बंद ठेवतात. गिऱ्हाइकाला दाखवायला मी असंच एक मशीन काउंटरवर ठेवलंय. दुपारी जेवणाच्या वेळी, समोर कुणी बसलेलं नसताना, त्याचे पंखे फिरू लागायचे. एखादा भारी गेम चालू असावा तसे. थोड्या वेळानं आपोआप थांबायचे.

शेठ डबा घेऊन माझ्याकडेच जेवायला येतात. "कोन खेळून राह्यलं, बाई?"

"ऊन खेळून राह्यलं. वर्ध्याच्या उन्हात कार्ड बसल्याबसल्या तापते."

शेठनं वांग्याची फोड तोंडात टाकली. "मंग थंडीतबी काऊन फिरत होते?"

दुसऱ्या दिवशी सेटिंगमधे जाऊन मी पंखे कायमचे चालू करून ठेवले. आता ते कधी सुरू होतात हा प्रश्नच राहिला नाही.

* * *

बसच्या त्या गेममधे आपले रस्ते आपण बनवू शकतो. कसे, ते मी शिकले. शालिकभाऊंना घेऊन जामला गेले, चौकाचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि दुकानात बसून चौक उभा केला. रस्ता, दुभाजक, चहाच्या टपरीची ताडपत्री, कडुनिंबाचं झाड, गावांच्या नावांची पाटी. माणूस मात्र एकही ठेवला नाही. माणसं आणि गाड्या भरल्या की कार्डावर भार पडतो. शिवाय शालिकभाऊंनीच सांगितलं होतं, "आधी वळन जमू द्या. मंग त्याले उभं करा."

पहिल्यांदा मी मधल्या ताकदीचं कार्ड टाकलं. उगाच माणसाला खर्चात का घालायचं? स्टिअरिंग, पेडल, सगळं जोडलं. सरळ रस्त्यावर बस बरी चालली. चौकात उजवीकडे वळायला लागली की चित्र अडकायचं. दर वेळी तिथंच.

"कोनी हाय," शालिकभाऊ म्हणाले.

"कोठं?"

"उजव्या स्क्रीनवर. पांढरा सदरा."

मीही वाकून पाहिलं. वळणावर गचका बसायचा आणि त्या गचक्यात पांढरं काहीतरी लांबट, पुसटलेलं. मी सांगितलं, मेमरी कमी पडतेय, आधीच्या चित्राचा तुकडा मागे राहतोय. तरी नकाशा उघडून एकेक वस्तू तपासली. टपरी होती, झाड होतं, पाटी होती. माणूस नव्हता.

"कार्ड बदलते," मी म्हटलं. "अटकनं गेलं की तोबी जाईल."

शालिकभाऊ स्टिअरिंग धरून बसले होते. "नाई गेला तं?"

मी पान्यांचा डबा उघडला.

* * *

मग मोठं कार्ड आणलं. सोळा जीबीचं, तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. पॉवर सप्लायही बदलावा लागला. एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, शालिकभाऊंनी चपला काढल्या आणि पेडलवर पाय ठेवले. मी शेजारी उभी राहिले.

बस निघाली. असं चित्र मी माझ्या दुकानात पाहिलं नव्हतं. कडुनिंबाची पानं वेगवेगळी दिसत होती, ताडपत्रीची फडफड दिसत होती. चौक आला. शालिकभाऊंनी उजवीकडे वळण घेतलं. एकही गचका नाही.

उजव्या स्क्रीनवर माणूस होता.

आता पुसट काही नव्हतं. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. चालत होता. बस वळत गेली तसा तो सरकत सरकत पट्टीकडे आला आणि पट्टीच्या आड गेला. आता मधल्या स्क्रीनवर निघायला हवा होता. निघाला नाही. बसच्या चालीनं चाल धरून तो आडच चालत राहिला असावा.

शालिकभाऊंनी ब्रेक दाबला. बस थांबली. उजव्या स्क्रीनवर कुणी नाही. मधल्यावर कुणी नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पट्टीमागेही चित्र चालू आहे असं धरणारं एक सेटिंग असतं. खिडकीच्या चौकटीमागे अंगण असतंच, तसं. तेवढा तुकडा दिसत नाही, पण असतो. खांबासाठी म्हणून ते मीच लावून दिलं होतं. बंद केलं की दडलेला तुकडा समोर येतो.

"पाहू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी सेटिंग बंद केलं.

तो तिथंच होता. थांबलेला, काचेच्या इतका जवळ की सदऱ्याची शिवण दिसावी. रस्ता ओलांडायच्या आधी माणूस ड्रायव्हरकडे पाहतो ना, हा थांबेल का म्हणून, तसा तो पाहत होता. माझ्याकडे नाही. शालिकभाऊंकडे.

स्पीकरमधून, बसच्या मागून, हॉर्न वाजायला लागला. आधी एक, मग पुष्कळ. त्या नकाशात मी दुसरी गाडी ठेवलेलीच नव्हती. माझा हात पॉवरच्या बटणाकडे गेला.

"हात नोका लावू, बाई," शालिकभाऊ म्हणाले. त्यांचा अनवाणी पाय ब्रेकवर घट्ट होता. "वाजू द्या त्याइले. आधी तो जाईन."