पडद्यामागून दिसलेला खुनी

टीव्हीवर एक वेंधळा गुप्तहेर भिंग घेऊन स्वतःच्याच पावलांचा माग काढत होता. नातवंडं खिदळत होती. मला लहानपणीचं, कॅसलरॉकच्या रेल्वे स्टेशनामागचं मैदान आठवलं.

तिथं पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुरुष समोर बसायचे, बायका पडद्यामागं, त्यामुळं आम्हाला सगळं डावं-उजवं उलटं दिसायचं. त्या दिवशीही असाच विनोदी गुप्तहेर होता. माझा दादा लाकूडतोडीच्या कामावर ओंडक्याखाली सापडून गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. वहिनी कुणाशी बोलत नसे. शेजारच्या काकूंनी तिला ओढूनच आणलं होतं.

"खुनी डावखुरा आहे!" गुप्तहेर ओरडला. आमच्या बाजूनं तर पडद्यावरचे सगळेच डाव्या हातानं चहा पीत होते, तो गुप्तहेरसुद्धा.

"अगं, मग ह्यो बी खुनीच की!" वहिनी म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

दादाला विसरली ही, असं वाटून मी लांब जाऊन बसले. घरी आईला सांगितलंसुद्धा. वहिनी पुन्हा कधी सिनेमाला आली नाही.

गेल्या महिन्यात आमचे हे गेले. टीव्हीवर गुप्तहेराचा पाय बादलीत अडकला आणि मी हसले. आत काहीच हललं नाही, नुसतं तोंड हसलं.

थोरल्या नातीनं माझ्याकडं पाहिलं आणि ती लांब सरकून बसली.