बिननावाचं वाण

कौशल्या म्हणजे सरळ रस्ता सोडून गल्लीबोळातून जाणारी बाई. विरजण मागायला गेली तरी आधी गाईची चौकशी, मग म्हशीची, मग यंदाच्या सरकीच्या ढेपेचा भाव, आणि मग कुठं पदराआडून वाटी पुढं यायची. नवरा चंपतराव कळमन्याच्या बाजारात आडत्याकडे कामाला. तो म्हणायचा, हिचं बोलणं संपेपर्यंत तिकडं तुरीचा लिलाव आटोपतो. तर अशा बाईनं अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीला नंदनवन वस्तीत जो घोळ घातला, तो तिनंच घालावा.

मुळातला घोळ दोन वर्षांपूर्वीचा. शेजारची रुख्मिणी आणि ही, दोघी एका ताटात जेवणाऱ्या. रुख्मिणीनं पापड ठेवायला हिचा मोठा स्टीलचा डबा नेला. डबा लग्नात आईनं दिलेला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘चि. कौशल्येस, आईकडून’. आई पुढं वारली, त्यामुळं डब्यावर जीव. आणि एके दिवशी पाहते तर डबा घरात नाही. रुख्मिणी म्हणाली, मी तर कधीचाच परत केला, मुरमुऱ्याचे लाडू भरून दिला, रिकामा डबा कोणी परत देतं का? कौशल्याला ते लाडू काही केल्या आठवेनात. मग डब्याला पाय फुटले काय, असं ती म्हणाली. म्हणाली ती म्हणाली, पण चार बायांसमोर म्हणाली. झालं, अबोला.

भिंतीला भिंत लागून घर आणि बोलायचं नाही, हे काय जिणं आहे? कौशल्याला भाजी गोड लागेना. रुख्मिणी घरी यावी असं फार वाटायचं, पण आपण माघार घेतली असं कोणी म्हणता कामा नये. म्हणजे आंघोळ तर करायची, पण अंगाला पाणी लागू द्यायचं नाही!

अशात तिची एक नणंद भेटली, मिशनच्या दवाखान्यात नर्स होती ती. तिनं सांगितलं की नाताळात आमच्या दवाखान्यात सगळ्या जणी एकेक वस्तू कागदात गुंडाळून आणतात, ढीग करतात आणि जिच्या हाताला जे येईल ते ती घेते. कोणी दिलं ते विचारायचं नाही. कौशल्याचे डोळे चमकले. आडवळणाच्या बाईला याहून आडवी वाट कुठं मिळणार? तिनं ठरवलं, यंदा गल्लीचं हळदीकुंकू एकत्र, आपल्या घरी, आणि वाण बिननावाचं. रुख्मिणीला बोलावणं पाठवलं, पण समोरच्या प्रेमिलाच्या तोंडून, म्हणजे गल्लीचं बोलावणं.

बायांना समजावता समजावता तिच्या डोक्याचा भुगा झाला. नावच नाही सांगायचं तर दिलं कोणाला आणि घेतलं कोणाकडून? म्हाताऱ्या देवकीबाईंनी तर विचारलं की मग वाणाचं पुण्य देवानं कोणाच्या नावावर मांडायचं. कौशल्या म्हणाली, देवाला माहीत असते. देवकीबाईंना काही ते पटलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुडक्यांचा ढीग पडला. सगळ्या आल्या, रुख्मिणीही आली, दाराजवळ अंग चोरून बसली. कौशल्यानं बाया मोजल्या, पुडकी मोजली, तर एक कमी. देवकीबाई रिकाम्या हातांनी आल्या होत्या. त्यांना वाटलं, आज फक्त घ्यायचं आहे. बायांच्या गर्दीला भिऊन चंपतराव स्वयंपाकघरात दडून बसला होता. कौशल्यानं त्याच्या कानात सांगितलं की काहीही एक भांडं कागदात गुंडाळा आणि आतल्या दारातून हळूच ढिगात सरकवा. मग ती तिळगूळ वाटायला धावली.

पुडकी उघडू लागली आणि कोणाला काही कळेनासं झालं. प्रेमिलानं आणलेल्या वाटीवर चक्क प्रेमिलाचंच नाव. दुकानदार नाव फुकटात कोरून देत होता, सोडायचं कशाला, असं ती म्हणाली. बाकीच्यांनी आहेरात आलेली, कपाटात पडून असलेली भांडी पुढं ढकललेली. कशावर मामाचं नाव, कशावर कोणा वामनराव नावाच्या माणसाचं, ज्याला तिथलं कोणीच ओळखत नव्हतं. एकीला तर तिनंच मागच्या साली दिलेली ताटली परत मिळाली. बिननावाच्या वाणात जितकी नावं निघाली तितकी मतदारयादीतही नसतील.

हसणं चाललं असतानाच रुख्मिणीनं आपलं पुडकं सोडलं. मोठा स्टीलचा डबा. झाकणावर, ‘चि. कौशल्येस, आईकडून’.

सगळ्या वाकून वाचू लागल्या. रुख्मिणीचा चेहरा पांढराफटक पडला. कौशल्याच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. कोणी आणला? रुख्मिणीनंच आणून ठेवला आणि नेमका तिच्याच हाती परत आला? की डबा दुसऱ्याच कोणाकडं होता, आणि आपण दोन वर्षं भलतीवर आळ घेतला? तिनं एकेक तोंड न्याहाळलं. प्रत्येक तोंड चोराचं वाटलं आणि एकही वाटलं नाही. विचारावं, तर विचारायचं नाही हा नियम तिचाच. मागं कोणीतरी कुजबुजलं की रुख्मिणीनंच आणला असेल, लाज वाटली असेल बिचारीला. रुख्मिणीनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

पाण्याचं निमित्त करून कौशल्या आत गेली. चंपतराव खुशीत होता.

“कसा निघाला डबा?” तो म्हणाला. “माळ्यावर गादीच्या वळकटीत होता, नवाकोरा. काहून ठेवला होता वं तिथं?”

बायांच्या भांडणात तो कधी पडला नव्हता, आणि झाकण त्यानं वाचलंही नव्हतं. वळकटी! भावाच्या लग्नाला काटोलला गेली तेव्हा वाटेत खायला लाडू नेले होते, मुरमुऱ्याचे, याच डब्यात. लाडू पोरांनी संपवले, रिकामा डबा वळकटीत गेला, वळकटी माळ्यावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि तोही दुसरीला चोर ठरवून.

आता गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. बिननावाचं वाण होतं ना! पण बाहेर रुख्मिणी मान खाली घालून बसली होती. कौशल्या बाहेर आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलली.

“ते पुडकं माह्या घरचं होतं. डबा माह्याच माळ्यावर होता. रुख्मिणीनं तो तवाच परत केला होता, लाडू भरून. मी खोटी पडली.”

रुख्मिणीनं सावकाश झाकण लावलं आणि डबा काखेत घेतला.

“वाण परत देत नसतात,” ती म्हणाली. “दोन वर्षं साऱ्या गल्लीले सांगून राहिली होती ना, डबा रुख्मिणीच्या घरी हाय म्हणून? आता राहील तिथंच.”

कौशल्याचा हात पुढं झाला. आईचा डबा. पण बोलायला तोंड कुठं होतं? रुख्मिणी उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

“लागला तं मागून नेजो वं,” ती म्हणाली. “पण परत करजो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या शेजारी गेली आणि ना गाईची चौकशी ना म्हशीची, डबा मागितला. संध्याकाळी तिनं तो मुरमुऱ्याच्या लाडवांनी भरून रुख्मिणीच्या हातात परत दिला. देताना चार बाया मुद्दाम बोलावून घेतल्या होत्या.